योहान हाइनरिख विल्हेल्म डीत्स : बंदीच्या काळातला छापखानदार आणि हॅम्बुर्गचा खासदार

शिळाप्रेस (धागाकर्ता)

जर्मन समाजवादी चळवळीविषयी मराठीत जे काही लिहिले गेले आहे, त्यात मार्क्स, एंगेल्स, बेबेल, काउत्स्की आणि रोझा लक्झेंबुर्ग ही नावे वाचकाला पदोपदी भेटतात. या मंडळींचे लेखन ज्यांनी छापले, बांधले आणि विकले, त्या योहान हाइनरिख विल्हेल्म डीत्स यांचे नाव मात्र मुखपृष्ठाच्या तळाशी बारीक टायपातच राहून जाते. डीत्स पेशाने जुळारी, म्हणजे खिळे (शिशाचे अक्षरठसे) जुळवून मजकूर रचणारे कामगार, पुढे छापखान्याचे मालक आणि प्रकाशक. शिवाय १८८१ ते १९१८ अशी सदतीस वर्षे ते हॅम्बुर्गच्या एका मतदारसंघातून राइशस्टागचे, म्हणजे जर्मन साम्राज्याच्या संसदेचे, सदस्य होते. ज्या माणसाने आपले नाव चळवळीला कागदोपत्री वापरायला दिले आणि त्याची किंमतही स्वतःच चुकती केली, त्याला इतिहासात तळटीपेपेक्षा मोठी जागा मिळायला हवी, असे माझे मत आहे. त्याची कारणे सांगण्यासाठीच हा धागा काढला आहे.

डीत्स यांचा जन्म ३ ऑक्टोबर १८४३ रोजी ल्यूबेक या बाल्टिक समुद्राजवळच्या जुन्या व्यापारी नगरात झाला आणि खिळे जुळवण्याचे कामही ते तिथेच शिकले. तरुणपणी त्यांनी काही वर्षे रशियात, सेंट पीटर्सबर्गच्या छापखान्यात काढली. त्या काळी छापखान्यातला कामगार हा कामगारांमध्ये वेगळा गणला जाई, कारण अक्षरओळख ही त्याच्या धंद्याची पहिली अट होती आणि जे जे छापायला येई ते त्याच्या नजरेखालून जाई. जर्मनीतील मुद्रण कामगारांनी १८६६ मध्येच देशव्यापी संघटना उभी केली होती आणि १८७३ मध्ये मालकांबरोबर संपूर्ण देशासाठी एकच वेतनकरार करून घेतला होता. असा करार जर्मनीत दुसऱ्या कोणत्याही धंद्यात तोवर झालेला नव्हता. डीत्स मायदेशी परतले ते या वातावरणात, आणि लवकरच हॅम्बुर्गला जाऊन पोहोचले.

हॅम्बुर्ग हे बंदराचे गाव. गोदीतले मजूर, खलाशी, तंबाखूचे कामगार, सुतार आणि गवंडी यांची तिथे मोठी वस्ती होती आणि चळवळही जोरात होती. मे १८७५ मध्ये गोथा येथे जर्मनीतील दोन समाजवादी पक्ष एकत्र आले आणि त्याच वर्षी ‘हॅम्बुर्ग-आल्टोनाअर फोल्क्सब्लाट’ हे लोकपत्र सुरू झाले. ते ज्या छापखान्यात छापले जाई तो सहकारी तत्त्वावरचा होता, म्हणजे कामगारांनी थोडे थोडे पैसे घालून उभा केलेला. डीत्स या छापखान्यात कामाला होते आणि तिथल्या तांत्रिक बाजूवर त्यांची चांगली पकड होती.

१८७८ साली सगळेच उलटले. ११ मे रोजी आणि पुन्हा २ जून रोजी सम्राट विल्हेल्म पहिले यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. या दोन्ही हल्ल्यांशी पक्षाचा संबंध नव्हता, तरी साम्राज्याचे चॅन्सेलर बिस्मार्क यांना हवी असलेली संधी मिळाली. राइशस्टाग विसर्जित करून नव्या निवडणुका घेतल्या गेल्या आणि १९ ऑक्टोबर १८७८ रोजी २२१ विरुद्ध १४९ मतांनी समाजवादीविरोधी कायदा मंजूर झाला. पक्षाच्या संघटना, सभा, वर्गणी, वृत्तपत्रे आणि पुस्तके अशा सर्वांवर पोलिसांना बंदी घालता येऊ लागली, आणि हा कायदा मुदतवाढ मिळत मिळत ३० सप्टेंबर १८९० पर्यंत टिकला.

आता या कायद्याच्या कचाट्यात सहकारी छापखाना सापडणार हे उघड होते. संस्था बेकायदा ठरली की तिची यंत्रे, खिळे, कागद सगळे गेले. त्यावर उपाय म्हणून तो छापखाना डीत्स यांच्या वैयक्तिक नावावर करण्यात आला. खाजगी मालमत्तेला हात लावताना सरकारही चारदा विचार करते, हा त्यामागचा हिशेब. या व्यवहाराचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा लागतो: शेकडो कामगारांच्या पैशातून उभी राहिलेली मालमत्ता एका जुळाऱ्याच्या नावावर गेली होती आणि ती उद्या परत मागायची वेळ आली तर कोणत्याही न्यायालयात दाद मागण्याची सोय नव्हती. सगळी भिस्त माणसावर होती. शिवाय १८७४ च्या मुद्रणविषयक कायद्यानुसार प्रत्येक छापील वस्तूवर मुद्रकाचे नाव आणि गाव घालणे बंधनकारक असल्यामुळे, जे काही छापले जाईल त्याच्यासाठी पहिला हात डीत्स यांच्याच मानगुटीवर पडणार होता.

लोकपत्रावर बंदी आली तेव्हा त्याच्या जागी ‘गेरिख्ट्सत्साइटुंग’, म्हणजे न्यायालयीन वृत्तपत्र, अशा निरुपद्रवी नावाचे पत्र निघू लागले. मथळ्याखाली खटल्यांच्या बातम्या असत आणि वाचक जुनेच होते. हा प्रकार दोनेक वर्षे चालला. पुढे ऑक्टोबर १८८० मध्ये हॅम्बुर्ग आणि आल्टोना भागात ‘लहान वेढा’ म्हणून ओळखली जाणारी स्थिती जाहीर झाली. या तरतुदीनुसार पोलिसांना कोणत्याही कार्यकर्त्याला खटला न चालवता शहराबाहेर काढता येत असे. पक्षाचे पुढारी इग्नात्स आउअर व विल्हेल्म ब्लोस आणि डीत्स हे तिघेही हद्दपार झाले. कुटुंब, घर आणि चालता धंदा मागे ठेवून निघण्याची ती वेळ किती कठीण असेल, हे तडीपारीची नोटीस कधी जवळून पाहिलेल्या माणसाला सांगावे लागणार नाही.

डीत्स दक्षिणेला स्टुटगार्टला गेले. ही निवड विचारपूर्वक होती. व्यूर्टेम्बर्गचे राज्य प्रशिया किंवा सॅक्सनीच्या मानाने सैल हाताने चालवले जाई, आणि स्टुटगार्ट हे दक्षिण जर्मनीतील ग्रंथव्यवहाराचे केंद्र असल्यामुळे कागद, खिळे, बांधणी आणि वितरण या सगळ्याची तिथे घडी बसलेली होती. १८८१ मध्ये लायप्झिगवरही ‘लहान वेढा’ आला आणि तिथल्या पक्षाच्या सहकारी छापखान्याचे साहित्यही स्टुटगार्टला हलवून डीत्स यांच्या नावाखाली आणले गेले. हॅम्बुर्गमध्ये नावाला मालक झालेला हा जुळारी आता आउगुस्ट बेबेल आणि विल्हेल्म लीबक्नेख्ट या पक्षनेत्यांच्या साथीने खराखुरा प्रकाशक झाला.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये राइशस्टागची निवडणूक होती. हॅम्बुर्गच्या दुसऱ्या मतदारसंघाने ज्यांना निवडून दिले, ते डीत्स त्या शहरात पायही ठेवू शकत नव्हते. पोलिसांनी ज्याला वर्षभरापूर्वी वेशीबाहेर घालवले, त्यालाच मतदारांनी आपला प्रतिनिधी म्हणून बर्लिनला पाठवले. मतदारांच्या शहाणपणाचे याहून चांगले उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

पुढचा भाग प्रतिसादांतून मांडावा असे वाटते. प्रश्न जरूर विचारावेत.

कोरा कागद

लेख आवडला. एक गोष्ट मात्र समजली नाही. पक्षच बेकायदा ठरवला होता, तर त्याच पक्षाची माणसे निवडणुकीला उभी कशी राहत होती आणि संसदेत बसत कशी होती? दुसरे असे की, डीत्स यांना स्थानिक राजकारणात, म्हणजे हॅम्बुर्गच्या नगरसभेत, जाता आले नसते का?

शिळाप्रेस

दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत. कायद्याने संघटना, सभा आणि छापील साहित्य यांवर बंदी घातली होती; व्यक्तीचा मतदानाचा आणि उमेदवारीचा हक्क काढून घेतलेला नव्हता. म्हणून उमेदवार पक्षाचे नाव न लावता उभे राहत आणि मतदार त्यांना ओळखून मत देत. निवडून आल्यावर सभागृहातील भाषणाबद्दल सदस्यावर कारवाई करता येत नसे आणि साम्राज्याच्या राज्यघटनेच्या बाविसाव्या कलमानुसार सभागृहातील कामकाजाच्या खऱ्या वृत्तान्ताबद्दलही कोणाला जबाबदार धरता येत नसे. परिणामी जे रस्त्यावर बोलता येत नव्हते ते सभागृहात बोलायचे आणि सभागृहाचा वृत्तान्त म्हणून छापायचे, अशी एक चिंचोळी वाट उरली होती. १८७८ मध्ये पक्षाला सुमारे ४ लाख ३७ हजार मते होती, १८८१ मध्ये ती ३ लाख १२ हजारांपर्यंत घसरली आणि १८९० मध्ये १४ लाख २७ हजारांवर गेली. त्या बारा वर्षांत सर्व दडपशाही असूनही मतदार तिपटीहून अधिक वाढले.

नगरसभेचे म्हणाल तर ते दार बंदच होते. राइशस्टागसाठी पंचविशी ओलांडलेल्या प्रत्येक पुरुषाला मत होते, पण हॅम्बुर्गच्या स्वतःच्या नगरसभेसाठी, म्हणजे बुर्गरशाफ्टसाठी, मताचा हक्क पैशाच्या आणि नागरिकत्वाच्या अटींनी जखडलेला होता. तिथे पहिला समाजवादी प्रतिनिधी, ओटो स्टोल्टेन, १९०१ मध्ये पोहोचला. म्हणजे ज्या शहराने बेबेल आणि डीत्स यांना बर्लिनच्या संसदेत पाठवले, त्याच शहराच्या कारभारात कामगारांना वीस वर्षे पाऊल टाकता आले नाही. डीत्स यांचे स्थानिक राजकारण त्यामुळेच संसदेच्या मार्गाने आणि छापखान्याच्या मार्गाने झाले.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. राइशस्टागच्या सदस्यांना १९०६ पर्यंत मानधनच नव्हते. ज्याच्याकडे जमीन किंवा कारखाना नाही त्याने बर्लिनला जाऊन राहायचे कसे, हा प्रश्न जाणूनबुजून अनुत्तरित ठेवलेला होता. पक्षाच्या खासदारांमध्ये खानावळ चालवणारे, चिरूट विकणारे, संपादक आणि छापखानदार यांचा भरणा होता, तो यामुळेच. कारखान्यातून काढून टाकलेल्या माणसाला स्वतःचे छोटे दुकान हाच आधार असे.

मुद्रितशोधक

माझे वडील आयुष्यभर जुळारी होते, म्हणून या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही. शाळा सुटली की मी त्यांच्या छापखान्यात जाऊन बसत असे. डाव्या हातात स्टिक (खिळे ओळीत लावण्याची छोटी पट्टी), उजव्या हाताने खणातून खिळा उचलायचा, त्याच्या अंगावरची खाच अंगठ्याला लागली की खिळा सरळ बसला हे न पाहता कळायचे, आणि ओळ उलटी वाचत पुढे जायचे. ओळ भरली की ती घट्ट बसावी म्हणून मध्ये कोऱ्या पट्ट्या सारायच्या. संध्याकाळपर्यंत बोटांची टोके शिशाने काळी होत आणि जेवायला बसण्याआधी वडील ती राखेने घासत.

हे सांगण्याचे कारण असे की, छापखाना जप्त होणे म्हणजे काय हे बाहेरच्या माणसाला पटकन उमगत नाही. खिळे हे छापखान्याचे खरे भांडवल असते आणि ते सतत कोणत्या ना कोणत्या मजकुरात अडकलेले असते. एक फर्मा (एकदम छापायच्या पानांचा जुळवलेला मजकूर) चौकटीत आवळून यंत्रावर चढला म्हणजे तेवढ्या पानांचे खिळे मोकळे नाहीत. तो अंक पोलिसांनी उचलून नेला तर कागद गेला, शाई गेली, जुळाऱ्यांची मजुरी मात्र द्यायचीच आणि मॅटर सोडून खिळे पुन्हा ज्याच्या त्याच्या खणात टाकण्याचे कामही करायचेच. अंक विकला न जाता हा सगळा खर्च अंगावर पडतो. चार-सहा अंक लागोपाठ जप्त झाले तर बंदी न घालताही छापखाना बसतो. डीत्स जुळारी होते, म्हणून ही गणिते त्यांना वकिलापेक्षा जास्त चांगली कळत असणार.

जर्मनीत तर सामान्य वाचकासाठी गॉथिक वळणाची अक्षरे आणि इतर मजकुरासाठी रोमन अक्षरे, अशा दोन वळणांचे खिळे बाळगावे लागत. म्हणजे भांडवल दुप्पट आणि जागाही दुप्पट.

शिळाप्रेस

मुद्रितशोधक, तुमच्या प्रतिसादाने धाग्याला खरे वजन आले. तुम्ही म्हणता ती गणिते डीत्स यांच्या प्रत्येक निर्णयामागे दिसतात.

जानेवारी १८८३ मध्ये त्यांनी ‘नॉय त्साइट’, म्हणजे नवा काळ, हे मासिक सुरू केले आणि संपादनासाठी कार्ल काउत्स्की या तरुणाला घेतले. मासिकाचा सूर अभ्यासपूर्ण ठेवला होता. इतिहास, अर्थशास्त्र, निसर्गविज्ञान आणि साहित्य यांवरचे लेख त्यात येत, आणि पोलिसांना बोट ठेवायला चिथावणीचे वाक्य सापडू नये याची काळजी घेतली जाई. एंगेल्स यांचे कुटुंबसंस्थेवरचे पुस्तक १८८४ मध्ये स्टुटगार्टला न निघता झ्युरिकजवळ निघाले, कारण बंदीच्या कायद्याखाली ते जर्मनीत छापणे धोक्याचे होते. त्याचीच चौथी आवृत्ती, कायदा गेल्यावर, डीत्स यांच्या नावाने बाहेर आली. पक्षाचे धगधगते साप्ताहिक ‘सोत्सिआलडेमोक्राट’ झ्युरिकला छापून चोरवाटांनी जर्मनीत आणले जात होते. म्हणजे एकाच वेळी दोन आघाड्या चालू होत्या. परदेशी छापलेले कडक शब्दांतले पत्र रात्रीच्या अंधारात येई, आणि डीत्स यांची प्रकाशने दिवसाढवळ्या, मुद्रकाच्या नावासह, पोस्टाने जात. दुसरे काम पहिल्याइतकेच अवघड होते असे मला वाटते, कारण त्यात लपायला जागा नव्हती.

याच काळात ‘वाह्रे याकोब’ हे विनोदी सचित्र पत्रही स्टुटगार्टहून निघू लागले. त्याचा पहिला अवतार १८७९ मध्ये हॅम्बुर्गला झाला होता आणि १८८४ पासून ते नव्याने सुरू झाले. व्यंगचित्रांवर खटला भरणे लेखांपेक्षा अवघड असते. पहिल्या महायुद्धाच्या आधी या पत्राचा खप साडेतीन लाखांच्या वर गेला होता. १८८७ पासून ‘इंटरनात्सिओनाले बिब्लिओटेक’ ही पुस्तकमाला आली आणि मार्क्स यांचे अर्थशास्त्र सोपे करून सांगणारे काउत्स्की यांचे पुस्तक त्याच मालेतून वाचकांपर्यंत गेले.

पण जपून वागूनही तुरुंग चुकला नाही. १८८३ च्या वसंतात कोपनहेगनला पक्षाची गुप्त परिषद झाली. परतणाऱ्या प्रतिनिधींना कील आणि नॉयम्युन्स्टर येथे अडवण्यात आले आणि पुढे गुप्त संघटना चालवल्याचा खटला उभा राहिला. खेम्नित्सच्या न्यायालयाने सर्वांना निर्दोष सोडले, वरच्या न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि ४ ऑगस्ट १८८६ रोजी फ्रायबेर्ग येथे शिक्षा झाली. बेबेल, आउअर, फोल्मार आदींना नऊ महिने आणि डीत्स यांना सहा महिने.

नदीकाठ

माहिती उत्तम आहे, पण थोडा विरोधी सूर लावतो. डीत्स यांना चळवळीचा आधारस्तंभ म्हणताना त्यांचा मवाळपणा विसरू नये. १८८४-८५ मध्ये सरकारने जहाजवाहतूक कंपन्यांना अनुदान देण्याचे विधेयक आणले. ते वसाहतवादाशी जोडलेले होते, तरी पक्षाच्या संसदीय गटातील बहुसंख्य त्याला अनुकूल होते आणि त्यात डीत्सही होते. बेबेल आणि झ्युरिकचे साप्ताहिक यांनी विरोध केला म्हणून प्रकरण आवरले. पुढे १९१४ मध्ये पक्षाच्या गटाने युद्धकर्जाच्या बाजूने मत दिले. १९१७ मध्ये क्लारा झेटकिन यांच्याकडून ‘ग्लाइखहाइट’, म्हणजे समता, हे स्त्रियांचे पत्र आणि काउत्स्की यांच्याकडून ‘नॉय त्साइट’ काढून घेण्यात आले, आणि ही दोन्ही पत्रे तर स्टुटगार्टच्या याच वर्तुळातली. ज्या छापखान्याने पंचवीस वर्षे एका बाईंच्या शब्दाला कागद पुरवला त्याच्या भिंतीआड हे घडले. यावर आपले काय म्हणणे आहे?

शिळाप्रेस

नदीकाठ, आपला आक्षेप गंभीर आहे आणि तो टाळण्याची माझी इच्छा नाही.

अनुदानाच्या प्रकरणात हॅम्बुर्गच्या खासदाराची अडचण समजून घ्यावी लागेल. त्यांना निवडून देणारे लोक जहाजबांधणीच्या गोद्यांत काम करत होते आणि नव्या जहाजांचा अर्थ त्यांच्यासाठी काम असा होता. संसदीय गटाने जहाजे जर्मन गोद्यांतच बांधावीत, आफ्रिकेकडची फेरी वगळावी अशा अटी घातल्या आणि त्या मान्य न झाल्यामुळे शेवटी विरोधात मत दिले. तरीही मूळ कल डीत्स यांच्याकडून चुकलाच होता असे मी मानतो. वसाहतींच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या माणसांचा विचार त्यात नव्हता आणि आपण त्या दुसऱ्या टोकाचे लोक आहोत.

१९१४ बद्दलही मला त्यांची बाजू घेता येत नाही. ते बहुमताबरोबर राहिले. १९१७ मधील दोन्ही निर्णय पक्षाच्या कार्यकारिणीचे होते. डीत्स यांची प्रकाशनसंस्था तोवर पक्षाची झालेली होती, पण त्यामुळे झेटकिन यांच्यावरचा अन्याय कमी होत नाही. १८९२ पासून त्यांनी ते पत्र स्त्री-कामगारांचे मुखपत्र म्हणून घडवले होते.

माझा आग्रह एवढाच आहे की, डीत्स यांची परीक्षा मतांपेक्षा व्यवसायाच्या वर्तनावरून व्हावी. १८९९ मध्ये पक्षात मोठा वाद पेटला. एडुआर्ड बर्नस्टाइन यांनी मार्क्सच्या भाकितांनाच आव्हान देणारे पुस्तक लिहिले आणि काउत्स्की यांनी त्याला त्याच वर्षी पुस्तकरूपाने उत्तर दिले. ही दोन्ही पुस्तके डीत्स यांनी प्रसिद्ध केली. बेबेल यांचे स्त्रिया आणि समाजवाद यांवरचे पुस्तक १८७९ मध्ये चोरून छापावे लागले होते. बंदी उठल्यावर ते स्टुटगार्टहून उघडपणे निघू लागले आणि १९१० पर्यंत त्याची पन्नासावी आवृत्ती झाली. मार्क्स यांच्या अप्रकाशित हस्तलिखितांतून काउत्स्की यांनी संपादित केलेले वरकड मूल्याच्या सिद्धान्तांचे खंड १९०५ ते १९१० या काळात त्यांनीच काढले. वादात बाजू घेणारा पक्षकार आणि वाद छापणारा मुद्रक या दोन भूमिका त्यांनी वेगळ्या ठेवल्या.

कोरा कागद

रशियातली वर्षे पुढे काही कामाला आली का? सुरुवातीला उल्लेख करून तुम्ही तो धागा सोडून दिला आहे.

शिळाप्रेस

बरे झाले आठवण केलीत. १९०१ मध्ये रशियन क्रांतिकारकांच्या ‘झार्या’, म्हणजे पहाट, या नियतकालिकाचे अंक स्टुटगार्टला डीत्स यांच्याकडे छापले गेले. रशियन भाषेतला मजकूर जर्मन शहरात जुळवायचा म्हणजे मुद्रितशोधक यांनी सांगितलेल्या दोन वळणांच्या जोडीला किरिल लिपीचे तिसरे खण आले. सेंट पीटर्सबर्गमध्ये तरुणपणी काढलेली वर्षे इथे उपयोगी पडली असणार, असा माझा तर्क आहे. ‘लेनिन’ हे टोपणनाव छापील लेखाखाली प्रथम आले ते याच नियतकालिकात. मार्च १९०२ मध्ये लेनिन यांची ‘काय करावे?’ ही पुस्तिका निघाली, तिच्या मुखपृष्ठावर स्टुटगार्ट आणि डीत्स हीच नावे आहेत. रशियात ती प्रत जवळ बाळगणे हाच गुन्हा होता, पण ती छापणारा माणूस मात्र आपले पूर्ण नाव घालून मोकळा झाला होता.

दूरदेशी

मी काही वर्षे स्टुटगार्टमध्ये नोकरीनिमित्त राहिले आहे. तिथे राहणाऱ्या मराठी माणसाला या शहराचे एक नाते पक्के माहीत असते. ऑगस्ट १९०७ मध्ये आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषद तिथे भरली होती, आठशेहून अधिक प्रतिनिधी आले होते आणि २२ ऑगस्ट रोजी मुंबईत जन्मलेल्या मादाम भिकाजी कामा यांनी हिंदुस्थानचा तिरंगी झेंडा त्या सभेत फडकवला. तो झेंडा आज पुण्यात केसरी-मराठा ग्रंथसंग्रहालयात आहे असे सांगितले जाते. मी लहानपणी शाळेच्या सहलीत केसरीवाड्यात गेले होते तेव्हा ‘स्टुटगार्ट’ हा शब्द प्रथम ऐकला होता. परिषद याच गावात भरण्यामागे डीत्स यांच्या छापखान्याचा काही वाटा म्हणता येईल का?

शिळाप्रेस

परिषदेच्या जागेचा निर्णय छापखान्यामुळे झाला असे मी म्हणणार नाही. पण १९०७ पर्यंत स्टुटगार्ट हे समाजवादी विचारांचे छापील केंद्र झालेले होते हे नक्की: ‘नॉय त्साइट’, ‘वाह्रे याकोब’, झेटकिन यांचे ‘ग्लाइखहाइट’ आणि पुस्तकमाला, हे सगळे एका मध्यम आकाराच्या राजधानीतून निघत होते. १८८१ मध्ये हद्दपार होऊन आलेल्या एका जुळाऱ्याने तिथे बिऱ्हाड थाटले नसते, तर हे शहर त्या नकाशावर इतके ठळक झाले नसते. मादाम कामा वसाहतवादाच्या प्रश्नावर बोलल्या. नदीकाठ यांनी काढलेला अनुदानाचा मुद्दा इथे पुन्हा डोळ्यांसमोर येतो. ज्या पक्षाच्या खासदारांनी १८८५ मध्ये तो प्रश्न गोदीच्या बाजूने पाहिला, त्याच पक्षाच्या प्रतिनिधींसमोर बावीस वर्षांनी तो प्रश्न मुंबईच्या बाजूने मांडला गेला.

कोरा कागद

शेवटची शंका. माझ्या आजोबांकडे मार्क्स-एंगेल्स यांच्या जर्मन ग्रंथावलीचे निळ्या बांधणीचे काही खंड होते, त्यावर ‘डीत्स फेरलाग, बर्लिन’ असे छापलेले आहे. हे तेच डीत्स का?

शिळाप्रेस

या ठिकाणी पुष्कळांची गफलत होते. आपल्या डीत्स यांचे निधन २८ ऑगस्ट १९२२ रोजी स्टुटगार्टमध्ये झाले. त्यानंतर त्यांची संस्था बर्लिनला गेली आणि १९३३ मध्ये नाझींनी ती बंद केली. दुसऱ्या महायुद्धानंतर देशाची फाळणी झाली तेव्हा त्या नावाचा वारसा दोन्ही बाजूंना हवा होता. पूर्वेकडे सत्ताधारी पक्षाने कार्ल डीत्स नावाच्या, रुडोलश्टाट येथील दुसऱ्याच एका प्रकाशकाला भागीदार करून घेतले आणि त्याच्या आडनावावर ‘डीत्स फेरलाग’ उभी केली. आपल्या आजोबांचे निळे खंड तिथले. पश्चिमेकडे समाजवादी लोकशाही पक्षाने जुनी संस्था पुन्हा सुरू केली, ती पुढे बॉनला गेली आणि आजही ‘जे. एच. डब्ल्यू. डीत्स नाखफ.’ या नावाने पुस्तके काढते.

त्या नावातील ‘नाखफ.’ म्हणजे नाखफोल्गर, वारसदार. गंमत नव्हे, पण विचार करण्यासारखी गोष्ट अशी की, हा शब्द डीत्स यांच्या मृत्यूनंतर जोडलेला नाही. एकोणिसावे शतक संपता संपता संस्था मर्यादित कंपनी झाली आणि बेबेल व पाउल झिंगर हे पक्षनेते त्यात भागीदार झाले. १९०२ मधील ‘काय करावे?’ च्या मुखपृष्ठावर ‘डीत्स यांचे वारसदार’ असेच आहे, आणि त्या वेळी डीत्स अठ्ठावन्न वर्षांचे होते, रोज कामावर येत होते आणि हॅम्बुर्गचे खासदारही होते. १८७८ मध्ये कामगारांनी विश्वासाने नावावर करून दिलेली मालमत्ता त्यांनी हयातीतच वारसदारांच्या हवाली केली होती, आणि ते वारसदार त्यांच्या घरातले नव्हते.